वादळानंतर कोळीवाड्यात छप्पर कशाचं घालावं: पत्रा की कौल?

वळचण
निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा पावसाळी मासेमारी बंदीचे दिवस आलेले होते. ३१ जुलैपर्यंत होड्या वर ओढलेल्या, हातात पैसा नाही, पाऊस दारात. अशा वेळी मदतीच्या रकमेतून पत्रेच घालावेत. कौलांचं वजन चौरस मीटरला चाळीसेक किलो. हादरलेले जुने वासे ते पेलत नाहीत. पत्रा पाचेक किलो.

डोलकर
हलका म्हणूनच वारा त्याला उचलतो! कौलं जातात ती सुटी सुटी, पत्र्याचं अख्खं पाखं, म्हणजे छपराची एक उतरती बाजूच, जातं आणि शेजाऱ्याच्या घरावर पडतं. खाऱ्या हवेत साधा जस्ताचा पत्रा हुकाच्या भोकापासून गंजतो. शिवाय पावसाळ्यात त्याला आतून पाणी सुटतं, ते खाली साठवलेल्या सुकटीवर ठिबकतं. सुकवलेल्या जवळ्याला बुरशी आली की वर्षाची बेगमी गेली.

वळचण
पत्रा उडतो तो बांधणी चुकल्यामुळे. वारा छपराला वर ओढतो, आणि सगळ्यात जास्त जोर वळचणीला, कोपऱ्यांत आणि आढ्यापाशी असतो. नेमके तिथेच हूक वाचवले जातात. कडेला हूक दाट हवेत, मध्ये थोडे विरळ चालतात. भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडा, खळग्यात पाडलं तर पाणी तिथूनच आत येतं. हुकावर डांबरी वायसर हवाच. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून तोडून ठेवा, म्हणजे ती गेली तरी घर राहतं.

खाडीकाठ
दोघंही वरच बघताय. हूक रिपेला, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्टीला धरतो, रीप वाशाला. वासा मात्र भिंतीवर नुसता टेकवलेला असतो. मग छप्पर वाशांसकट जातं. लोखंडी पट्टी वाशावरून घेऊन भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात अडकवा. मातीत रचलेल्या चिऱ्यांच्या भिंतीला आधी तो पट्टा ओतावाच लागेल. मदत ठरवताना हा खर्चही धरायला हवा.

डोलकर
हे पटलं. पण पट्टा ओतलाच तर कौल का नको? वळचणीच्या दोन ओळी तारेने रिपेला बांधा, कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, सिमेंटमध्ये बसवा. फुटलेलं कौल एकटं बदलता येतं. वाकलेला पत्रा ठोकून परत घातला की जुनी भोकं गळतात.

वळचण
५०० चौरस फुटांच्या छपराला सातशे कौलं लागतात. सगळा किनारा एकदम उघडा पडल्यावर ती आणि बसवणारे हात जूनमध्ये कुठून आणायचे? तोवर चूल ताडपत्रीखाली पेटवायची का?