मदत हवी आहे: जर्मन गावांचे कोड जुळत नाहीयेत

नमस्कार मंडळी,

स्टुटगार्टला मास्टर्स करतेय. प्रबंधासाठी २०१५ आणि २०२२ या दोन वर्षांच्या नगरपालिकानिहाय लोकसंख्येच्या फाइल्स जोडायच्या आहेत. नावावरून जोडता येत नाही, कारण नॉयश्टाट नावाची गावं इथे ढिगाने आहेत. म्हणून आठ अंकी गेमाइंडेश्ल्यूसेल (प्रत्येक नगरपालिकेचा सरकारी कोड) वापरतेय: पहिले दोन अंक राज्याचे, तिसरा विभागाचा, पुढचे दोन जिल्ह्याचे, शेवटचे तीन गावाचे. म्युनिक ०९१६२०००.

पहिला घोळ एक्सेलने केला. सुरुवातीचं शून्य गिळलं आणि म्युनिक ९१६२००० झालं! तो कॉलम मजकूर म्हणून आयात केल्यावर सुटलं, त्यात अख्खी संध्याकाळ गेली ते सोडा.

खरी अडचण पुढे आहे. २०१६ मध्ये ग्योटिंगन आणि ओस्टेरोडे हे जिल्हे एकत्र आले, आणि ग्योटिंगन शहराचा कोड ०३१५२०१२ वरून ०३१५९०१६ झाला. आयझेनाख २०२१ मध्ये वार्टबुर्ग जिल्ह्यात गेलं, तर १६०५६००० चं १६०६३१०५. शहर जागेवरच, पण माझ्या तक्त्यात जुनं गायब आणि नवीन उगवलेलं.

जुन्या कोडवरून नव्यावर नेणारा तयार तक्ता कुणी आर किंवा पायथनमध्ये वापरलाय का? गावं विलीन झाली तर बेरीज सोपी, पण एका गावाचे तुकडे दोन गावांत गेले तर लोकसंख्या कशी वाटता?

पुढे ऑस्ट्रियाही घ्यायचाय. तिथे पाचच अंक, ग्रात्स ६०१०१. स्वित्झर्लंडमध्ये तर झुरिक नुसतं २६१, त्यात राज्याचा पत्ताच नाही. तिन्ही एका तक्त्यात ठेवताना देशाचा कोड पुढे जोडता की वेगळा कॉलम करता?