पक्ष्यांच्या पत्त्यांचा खेळ: बंद पाकिटं की पूर्ण संच? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी आणि माझी बहीण नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यातल्या पक्ष्यांवर मुलांसाठी पत्त्यांचा खेळ तयार करतोय. ६० वेगवेगळे पत्ते, त्यांतून ज्याने त्याने आपला डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, बांधायचा. चित्रं झाली, नाशिकच्या इंदिरानगरातल्या मुलांनी खेळूनही पाहिलं. गाडी अडली आहे ती विक्रीपाशी.

छापखान्यातले काका म्हणतात, पाच-पाच पत्त्यांची बंद पाकिटं करा, पोरं पुन्हा पुन्हा घेतील. १९९३ साली 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ आला तेव्हापासून ही पद्धत रुळली आहे: आधी तयार डेक, मग बूस्टर, म्हणजे भर घालणारी बंद पाकिटं, त्यात साधे पत्ते भरपूर आणि दुर्मीळ एखादाच. पोकेमॉनच्या पत्त्यावर दुर्मीळपणाची चांदणी दिसली की मुलं उड्या मारतात, ते आम्हीही पाहतो. पाणथळीवर थव्यांनी दिसणारा वारकरी पक्षी पाकिटातही सर्रास निघावा आणि रोहित (फ्लेमिंगो) क्वचितच, ही कल्पना मोहात पाडणारी आहे, हे खरं.

पण हिशेब मांडला. सगळे पत्ते सारख्या संख्येने छापले, तरी अदलाबदल न करता ६० पूर्ण व्हायला सरासरी पन्नासहून जास्त पाकिटं लागतात. काही दुर्मीळ ठेवले तर आणखी. निफाडच्या एखाद्या खेड्यात हा खेळ खेळणारी दोनच मुलं असतील, तर ती अदलाबदल कोणाशी करणार? रोहित पैसेवाल्याच्याच हाती लागावा, हे मला अजिबात पटत नाही.

दुसरी वाट 'लिव्हिंग कार्ड गेम'ची. फँटसी फ्लाइट गेम्सने २००८ पासून हे नाव वापरलं. प्रत्येक खोक्यात तेच ठरलेले पत्ते, पुढच्या पुरवण्याही ठरलेल्या. आमचा कल इकडेच आहे: मूळ संच, नंतर हिवाळी पाहुण्यांची पुरवणी.

अनुभवी लोकांनी कृपया सांगा:

एकेका पत्त्याच्या किती प्रती द्याव्यात? अशा काही खेळांत प्रती कमी असल्याने लोकांना तोच खोका दोन-तीनदा घ्यावा लागे. ते टाळायचंय, पण किंमतही वाढू द्यायची नाही.

पुरवणी वर्षभराने छापली तर पाठीचा रंग तंतोतंत जुळतो का? किंचित फरक पडला तरी पत्ता पाठीवरून ओळखू येईल आणि खेळ संपला. नाशिकमध्ये डाय कटिंगसह (साच्याने पत्ते कापण्यासह) हे नीट सांभाळणारं कोणी आहे का?

आणि कॉलेज रोड, मेन रोडवरचे खेळण्यांचे दुकानदार असा संच ठेवतील, की पाकिटंच मागतील? कोणी विकून पाहिलं असेल तर जरूर लिहा.