‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे वाफेचं इंजिन चालतं ठेवावं की यॉर्कला थंड उभं करावं?

रूळवाट: नायजेल ग्रेस्ली यांनी आखलेलं हे इंजिन फेब्रुवारी १९२३मध्ये डॉनकास्टरच्या कारखान्यातून बाहेर पडलं. १९२८ला लंडन ते एडिनबरा ३९२ मैल विनाथांबा, १९३४ला अधिकृतपणे मोजलेले ताशी १०० मैल, १९६३ला निवृत्ती. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने २००४ला ते २३ लाख पौंडांना घेतलं आणि २०१६पर्यंत चाललेल्या दुरुस्तीत आणखी ४२ लाख गेले. माझं मत स्पष्ट आहे, आता थांबवा. प्रत्येक मोठ्या दुरुस्तीत जुनं पोलाद कापून नवं बसतं. ग्रेस्लींचंच मॅलार्ड हे इंजिन संग्रहालयात थंड उभं आहे, म्हणून त्याचा मान कमी झालेला नाही. वाफेची गाडी हवी तर २००८ला नव्याने बांधलेलं टोर्नेडो आहे.

कपलिंग: कुठलं जुनं पोलाद जपायचं म्हणता? १९४७ला हे ए-१ वर्गाचं इंजिन बदलून ए-३ वर्गाचं झालं तेव्हा बॉयलरचा दाब चौरस इंचाला १८०वरून २२० पौंडांवर गेला, सिलिंडर २० इंचांचे १९ झाले. १९५९ला दुहेरी धुरांडं आलं. कारखान्यात इंजिन आलं की त्याचा बॉयलर उतरवायचा आणि दुसऱ्या इंजिनाचा, दुरुस्त होऊन पडलेला, चढवायचा ही तेव्हाची रीतच होती. भाग बदलत राहणं हेच या इंजिनाचं आयुष्य आहे.

पाटा: मी रूळवाट यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. सिलिंडर तीन असले तरी मधल्याच्या व्हॉल्व्हला (सिलिंडरात वाफ सोडणाऱ्या झडपेला) स्वतःची यंत्रणा नाही. बाहेरच्या दोन व्हॉल्व्हच्या दांड्या पुढे बसवलेल्या दोन तरफा हलवतात (मोठीचं प्रमाण २:१) आणि त्या मधला व्हॉल्व्ह चालवतात. पिना झिजल्या की सगळ्या सांध्यांची ढिलाई मधल्या व्हॉल्व्हपाशी साचते. वेगात तो जास्त सरकतो, मधला सिलिंडर वाट्यापेक्षा जास्त ओढतो आणि क्रँकवरचं बेअरिंग तापतं. शिवाय तरफा स्मोकबॉक्सच्या (धूर आणि राख जमते त्या पुढच्या पेटीच्या) पुढ्यातच, त्यामुळे राख उपसताना ती सांध्यांत जाते. ३ जुलै १९३८ला ताशी १२६ मैल गाठल्यावर मॅलार्डचं हेच बेअरिंग गेलं होतं.

कपलिंग: पाटा, दोष तुम्ही अचूक सांगितलात, पण त्याचे उपायही ठाऊक आहेत. राख काढण्याआधी तरफा झाकायच्या, पिना आणि बुश (पिनेभोवतीची नळी) वेळेवर बदलायचे, वेग ताशी ७५ मैलांच्या आत ठेवायचा. ग्रेस्लींच्या इंजिनांवर मधल्या बेअरिंगमध्ये तापलं की उग्र वास सोडणारी कुपी बसवत, म्हणजे ड्रायव्हरला धावतानाच कळे. हे काचेमागे वाचून हातात येत नाही. फायरबॉक्स (आगीची पेटी) तांब्याचा आणि बाहेरचं कवच पोलादाचं, दोन्ही वेगवेगळी फुगतात. थंड बॉयलर घाईने तापवला तर स्टे (ही दोन्ही जोडून धरणारे दांडे) तुटतात, नळ्यांची तोंडं गळू लागतात. मंद आच किती वेळ द्यायची हे शिकवायला पेटलेली भट्टीच लागते.

रूळवाट: ती भट्टी टोर्नेडोतही पेटते. तिथे शिका. आणि धावता धावता पाणी उचलायच्या रुळांमधल्या चरांची सोय गेली, म्हणूनच १९६६ला फ्लाइंग स्कॉट्समनमागे दुसरा टेंडर (पाण्या-कोळशाचा डबा) जोडावा लागला. ज्या व्यवस्थेसाठी हे इंजिन बांधलं ती उरलेली नाही.

कपलिंग: टोर्नेडोत ग्रेस्लींच्या तरफा नाहीत. त्याच्या तिन्ही सिलिंडरांना स्वतंत्र यंत्रणा आहे, त्यामुळे नेमकं अवघड काम तिथे शिकता येत नाही.

पाटा: हा मुद्दा मान्य. पण मग निदान प्रत्येक दुरुस्तीत काढलेली पिन, बुश, फ्रेमचा तुकडा मोजून, क्रमांक टाकून यॉर्कलाच ठेवा. आणि उभं करायचंच ठरलं तर बॉयलर पूर्ण रिकामा करून, चिखल काढायची झाकणं उघडी ठेवून वाळवा. फायरबॉक्सच्या तळाच्या कड्यावर ओला गाळ राहिला तर उभ्या इंजिनाचाही पत्रा गंजतो.