यमक गाळलेली यमकभाषा

लंडनच्या ईस्ट एंडमधील कॉकनी बोलीत मूळ शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारा शब्दसमूह वापरतात; उदाहरणार्थ, ‘ॲपल्स अँड पेअर्स’ म्हणजे ‘स्टेअर्स’. प्रत्यक्ष बोलण्यात पुष्कळदा यमक जुळवणारा शब्दच गाळला जातो आणि मग परक्याला अर्थाचा सुगावाही लागत नाही. ‘बुचर्स हुक’ म्हणजे ‘लुक’; पण बोलणारा ‘हॅव अ बुचर्स’ एवढेच म्हणतो आणि नवखा माणूस खाटकाचे दुकान शोधू लागतो. ‘यूज युअर लोफ’मधला पावही ‘लोफ ऑफ ब्रेड’चा, म्हणजे ‘हेड’चा. जॉन कॅमडेन हॉटन यांनी १८५९ च्या आपल्या कोशात या बोलीची शब्दसूची दिली आहे.

मला सर्वांत गमतीचा वाटतो तो ‘रास्पबेरी’चा प्रवास. ओठांनी फुर्रकन आवाज काढून एखाद्याला खिजवणे म्हणजे ‘ब्लोइंग अ रास्पबेरी’. हा प्रयोग ‘रास्पबेरी टार्ट’वरून आला असून ‘टार्ट’चे यमक ज्या शब्दाशी जुळते (तो इथे लिहिण्यास जरा संकोच वाटतो) त्याचा अर्थ अधोवायू असा आहे, हे कौतुकाने तान्ह्या बाळासमोर तसा आवाज काढणाऱ्यांच्या बहुधा गावीही नसते.