साकव १९८ दिवस लांबला, मुदतवाढ ६६ दिवसांचीच. हिशेब कसा मांडू?

खाडीकाठचा: देवगड तालुक्यात दोन गाळ्यांचा आरसीसी पूल केला. गाव त्याला अजून साकवच म्हणतं. वर्क ऑर्डर १५ ऑक्टोबरची, मुदत ३१ मेपर्यंत. पलीकडे हापूसची कलमं, मोबदल्याचं घोडं अडलं आणि जागा मिळाली २० डिसेंबरला. पोकलेन तिकडूनच उतरणार होता, त्यामुळे सगळंच थांबलं. नंतर आमचीही चूक झाली. मार्चमध्ये अ‍ॅबटमेंटच्या (पुलाच्या टोकाच्या आधारभिंतीच्या) शटरिंग प्लेटा १८ दिवस उशिरा आल्या (ट्रान्सपोर्टवाला रोज "आज निघाली" म्हणायचा). स्लॅब राहिला, पाऊस लागला, खाडीतला बंधारा गेला. काम संपलं १५ डिसेंबरला. आता समोरचा कन्सल्टंट म्हणतो, ६६ दिवस दिले, उरलेल्या १३२ दिवसांचा दंड भरा. ठरलेलं आणि झालेलं शेजारी मांडून बघितलं. १९८ दिसतात, पण कोणाचे किती ते कळत नाही.

सड्यावरचा: पाऊस येतलो ह्या म्हायत नाय होता काय तुमका? बेसलाइनमध्ये (कामाच्या मूळ वेळापत्रकात) पावसाळा धरलेला का, ते आधी सांगा.

खाडीकाठचा: धरलेला. १ जून ते ३० सप्टेंबर कॅलेंडरमध्ये सुट्टीच आहे आणि त्या शेड्यूलवर त्यांची सही आहे. अ‍ॅबटमेंटला ८ दिवसांचा फ्लोट होता, म्हणजे तेवढा उशीर झाला तरी कामाचा शेवट हलत नाही.

रत्नागिरीचा प्लॅनर: मग जमलं. कन्सल्टंटने मागून हिशेब केलाय. झालेल्या कामातून जागेचे ६६ दिवस काढले. उरल्या तुमच्या प्लेटा, १८ वजा फ्लोटचे ८ म्हणजे १० दिवस. ३१ मेला १० दिवसांचं काम शिल्लक, मध्ये पावसाळा, म्हणून शेवट १० ऑक्टोबर. तिथून १५ डिसेंबर बरोबर ६६. बेरीज चोख आहे, पण अख्खा पावसाळा तुमच्या १० दिवसांच्या माथी मारलाय. कोलॅप्स्ड अ‍ॅज-बिल्ट म्हणतात त्या या मागून हिशेबाची हीच खोट, आधी काय घडलं नि नंतर काय, ते त्यात पुसलं जातं.

तुम्ही विंडोज पद्धतीने जा, म्हणजे काळाचे तुकडे पाडून एकेका तुकड्यात शेवट किती सरकला ते क्रमाने बघा. पहिली विंडो २० डिसेंबरपर्यंत. बेसलाइनमध्ये ६६ दिवस घाला, शेवट थेट ५ डिसेंबरला जातो. ६६ अधिक पावसाळ्याचे १२२, झाले १८८. म्हणजे प्लेटा अडकायच्या आधीच पावसाळा गळ्यात पडलेला होता. मार्चच्या विंडोत १० वाढतात, १५ डिसेंबर. ते १० तुमचे, गुमान कबूल करा, बाकीच्यावर विश्वास बसेल. "प्रोटोकॉल हेच सांगतो" म्हणून मात्र भांडू नका. एससीएलच्या (ब्रिटनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉच्या) २००२च्या प्रोटोकॉलचा, म्हणजे उशिराच्या हिशेबाच्या मार्गदर्शिकेचा, कल टाइम इम्पॅक्टकडे होता, म्हणजे अडथळा त्या वेळच्या वेळापत्रकात घालून शेवट किती सरकतो ते बघण्याकडे. २०१७च्या आवृत्तीत, काम संपून बराच काळ गेल्यावर करायच्या विश्लेषणाला एकच एक लाडकी पद्धत नाही.

जुना ठेकेदार: पद्धत राहू दे, कागद आहेत का? हिंडरन्स रजिस्टरला (अडथळ्यांच्या नोंदवहीत) जागेची नोंद आहे का, तीही त्याच वेळची? आणि पूल ताब्यात घेताना दंड लावणार असं त्यांनी कळवलं होतं का, तेही बघा. त्यासाठी १८७२च्या करार कायद्याचं कलम ५५ वकिलाकडून वाचून घ्या.

खाडीकाठचा: रजिस्टरला नोंद आहे, ताबा पावतीवर सहीपण आहे. डिसेंबरअखेरची वेळापत्रकाची अपडेट फाइल मात्र ज्या लॅपटॉपवर होती तो जूनमध्ये साइटच्या शेडमध्ये भिजला. जुन्या मेलमध्ये शोधतो.