मदत हवी आहे : ट्रेलर जोडला की ट्रक मागून बसतो, पाटे किती वाढवू?

खटारामालक :
जुना वर्क ट्रक घेतलाय. डिझेल, मागे जोडचाकं. आधीच्या मालकाने कामावर पार पिदडलाय, पण इंजिन ठणठणीत. ट्रेलर जोडला की मागून बसतो, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर आणि स्टिअरिंग एकदम हलकं. मेकॅनिक म्हणतो मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवू. प्रश्न एवढाच, दोन पुरतील की तीन टाकू? शिवाय ट्रेलरचे बल्ब टिकत नाहीत, लावले की उडतात. माल लवकर हलवायचाय, तेव्हा मुद्द्याचं बोला.

डबलक्लच :
ट्रेलर किती वजनाचा? मालासकट सांगा. ट्रेलर ज्यावर अडकवतो तो बॉल बंपरपाशी आहे की हौद्यात अ‍ॅक्सलच्या वर?

खटारामालक :
साधा दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर हो. बॉल मागेच असतो तसा मागेच आहे. पाट्यांचं सांगा ना.

टपोरीटायर :
पाटे विसरा, एअरबॅग टाका, म्हणजे मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या. रिकामा असताना हवा कमी, माल असताना वाढवा. मी टाकल्यापासून गाडी कशी ताठ उभी राहते! पाटे वाढवलेत तर रिकाम्या गाडीत कंबर मोडेल.

पानामास्तर :
ताठ दिसते, बरोबर. क्षमता मात्र कणभर वाढत नाही. अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक सगळं तेच राहतं. पाट्यांचंही तसंच. आणि मागची उंची वाढली म्हणून पुढच्या चाकांवरून उतरलेलं वजन परत पुढे जात नाही, स्टिअरिंग हलकं ते हलकंच. खटारामालक, दाराजवळच्या पाटीवर एकूण वजनाची आणि दोन्ही अ‍ॅक्सलची वेगवेगळी मर्यादा असते. ते आकडे टाका.

टपोरीटायर :
मी वर्षानुवर्षं ओढतोय, काही झालं नाही.

पानामास्तर :
होईपर्यंत कुणालाच काही झालेलं नसतं.

बूस्टराजा :
इंजिन रीमॅप करून घ्या, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून घ्या. टॉर्क असा वाढतो की चढावर मागे ट्रेलर आहे हेच विसरायला होतं.

डबलक्लच :
ट्रेलर ओढत नाही अशी तक्रार केलीय का त्यांनी? टॉर्क वाढवला की आधी गिअरबॉक्स तापतो. ऑटोमॅटिक असेल तर अगोदर ऑइल कूलर बघा. ऑटोमॅटिक आहे का?

गिअरताई :
आधी मागच्या बाजूचा फोटो टाका. शब्दांत कळणार नाही.

खटारामालक :
टाकलाय. मॅन्युअल आहे. फोटोत मागे क्रेन दिसतेय तिच्याकडे लक्ष देऊ नका, ती मी वापरत नाही.

गिअरताई :
क्रेन??
अहो दादा, वापरत नसलात तरी तिचं वजन आहेच ना! शेपटावर क्रेन, तिच्याखालून वाट काढायला हिचचा (ट्रेलर अडकवायच्या जोडणीचा) दांडा आणखी मागे वाढवलेला. त्या टोकाला ट्रेलर जोडलात की गाडी उलाळ होणारच. पाटीवरचे आकडे आणि वजनकाट्यावरचे आकडे दोन्ही हवेत. ट्रेलर न जोडता पुढचा अ‍ॅक्सल, मग मागचा. जोडून पुन्हा तेच, शिवाय ट्रेलरचे अ‍ॅक्सल. टेप घेऊन पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर आणि मागच्या अ‍ॅक्सलपासून बॉलपर्यंतचं अंतरही मोजा.
आणि तो दांडा थेट चॅसीसच्या खालच्या पट्टीला वेल्ड केलेला दिसतोय. तिथेच सगळ्यात जास्त ताण येतो. भोकं पाडायची तर उभ्या बाजूला, खालच्या-वरच्या पट्टीला नाही.

बूस्टराजा :
बल्बचं सोपं आहे, एलईडी लावा.

डबलक्लच :
बॅटऱ्या किती आहेत?

खटारामालक :
दोन.

टपोरीटायर :
मग गाडी २४ व्होल्ट, ट्रेलरचे बल्ब १२ चे. झालं निदान.

डबलक्लच :
दोन असल्या म्हणजे २४ असंच नाही. कित्येक डिझेल गाड्यांत १२ च्याच दोन समांतर जोडलेल्या असतात. गाडी बंद ठेवून मल्टिमीटर लावा. १२.६ च्या आसपास की २५ च्या?

रिव्हर्सकिंग :
एक सल्ला देतो. रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा. ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात हलवा. आयुष्यभर गोंधळ नाही.

खटारामालक :
रिव्हर्स येतो मला. आकडे घ्या.
पाटी : एकूण ६५००, पुढे २६००, मागे ४३०० किलो.
नुसता ट्रक : पुढे २१५०, मागे ३७००.
ट्रेलर जोडून : पुढे १९००, मागे ४४००, ट्रेलरचे अ‍ॅक्सल ३०५०.
चाकांमधलं अंतर ३.६ मीटर, बॉल अ‍ॅक्सलच्या २ मीटर मागे. मीटरवर २५.१. एकूण वजन मर्यादेत आहे, मग पाटे टाकायला हरकत काय?

पानामास्तर :
एकूण ६३००, ते मर्यादेत. मागचा अ‍ॅक्सल मात्र १०० किलो वर गेलाय, ती हरकत.

गिअरताई :
बॉलवर ४५० किलो येतायत. ४५० गुणिले २ भागिले ३.६, म्हणजे २५०. बरोबर तेवढेच पुढून कमी झालेत. मागच्या अ‍ॅक्सलवर म्हणून ४५० च्या जागी ७०० चढले.
आता क्रेन काढलीत तर? ती ४०० किलोची आणि अ‍ॅक्सलच्या १.८ मीटर मागे धरली, तर मागचे ६०० कमी होऊन ३८०० राहतील, पुढे २०० वाढून २१०० होतील. तेही ट्रेलर जोडलेला असताना! शिवाय क्रेन गेली की दांडा आखूड करता येईल, आणखी फरक पडेल. पाट्याला हात लावायची गरज नाही.

टपोरीटायर :
एवढी उठाठेव कशाला? ट्रेलरमधला माल मागे सरकवा, बॉलवरचा भार कमी.

डबलक्लच :
हे अजिबात करू नका! ट्रेलरच्या एकूण ३५०० किलोत (३०५० अधिक ४५०) बॉलवर ४५० म्हणजे सुमारे १३ टक्के. अशा मागे जोडायच्या ट्रेलरला १० ते १५ लागतातच. नाक हलकं झालं की वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, मग ट्रकचा ब्रेक दाबलात तर आणखी बिघडतं. तेव्हा पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा आणि ट्रकमधल्या ब्रेक कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे.
ट्रेलरचे ब्रेक इलेक्ट्रिक आहेत का हो?

खटारामालक :
हो, चारही चाकांना. अजून जोडले नाहीत, आधी दिवे लागू देत म्हटलं.

डबलक्लच :
वाचलात. तुमची गाडी २४ ची, आणि त्या ब्रेकमधल्या मॅग्नेटना १२ व्होल्टच लागतात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर घ्या, पण दिव्यांपुरता छोटा नको. एकेक मॅग्नेट साधारण ३ अँपिअर ओढतो, चारांचे १२, वर दिवे. आणि दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ काढायचा शहाणपणा कुणी सांगेल, ऐकू नका. एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन मरते.

खटारामालक :
बरं, क्रेन उतरवतो. दांड्याचं वेल्डिंग कापून बोल्टवाला हिच बसवायला सांगतो. मेकॅनिकने पाटे आणून ठेवलेत, त्याला आता तुम्हीच समजवा.

बूस्टराजा :
क्रेन विकणार का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.