इमर्शनवाल्यासाठी बाकीच्यांनी गप्प का बसायचं?

वीस_आला_रे

मंडळी, जरा स्पष्टच लिहितोय, हलकेच घ्या. आमच्या शनिवारच्या डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून आपापली पात्रं निभावत गोष्ट रचायचा टेबलावरचा खेळ) ग्रुपमध्ये जे झालं त्यावरून हा धागा. एकाचं पात्र पॅलाडिन (धर्मयोद्धा) आहे, त्याचा मेलेला गुरू भूत होऊन समोर उभा राहतो. पोरगा खुर्चीतून उठला, आवाज बदलला, डोळ्यांत पाणीबिणी, गुरूशी बोलतोय, आम्ही सगळे बघतोय आणि तेवढ्यात शेजारचा म्हणाला, "डीएम आता तुला इन्स्पिरेशन देणार बघ, आत्ता उडवू नको, पुढच्या सेव्हला वापर." (डीएम म्हणजे खेळ चालवणारा, सेव्ह म्हणजे संकटातून वाचायला टाकायचा फासा.) झालं. पॅलाडिन खाली बसला, "माझं इमर्शन तुटलं" (म्हणजे पात्रात बुडून जाणं) म्हणाला, आणि रात्री ग्रुपवर लांबलचक फतवा: सेशन चालू असताना नियमांवर बोलायचं नाही, आकडे मोठ्याने म्हणायचे नाहीत, जोक नाहीत, पिझ्झाचं काय ते ब्रेकमध्ये.

आता शेजारचा चुकीचं काय बोलला सांगा. २०१४ च्या पाचव्या एडिशनच्या पुस्तकातच आहे की स्वभावाला धरून खेळलात तर डीएम इन्स्पिरेशन देऊ शकतो आणि ते वापरलं की वीसचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. म्हणजे गेम स्वतःच अभिनयाचं मानधन आकड्यांत देतो, मग आकडे बोललं की विटाळ कसला?

माझा मुद्दा असा आहे. आकडेमोड आवडणाऱ्याची मजा दुसरा रडला म्हणून बिघडत नाही. गोष्ट आवडणाऱ्याचीही नाही. इमर्शनवाल्याची मजा मात्र शेजाऱ्याने तोंड उघडलं की संपते, त्यामुळे त्याची गरज ही शेवटी दुसऱ्यांवरची बंदी होऊन बसते. एवढाच परकायाप्रवेश हवा असेल तर लार्पला (पोशाख घालून, प्रत्यक्ष वावरत खेळायचा रोलप्ले) जावं, टेबलावर पाच माणसं असतात.

पडद्यामागची

अजिबात सहमत नाही. डीअँडडीत लढाईचा एक राउंड म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. तुमच्याकडे तीन राउंडना किती वेळ लागतो? फायरबॉल कुठे टाकला तर आपलीच माणसं भाजणार नाहीत, कोण नकाशावरच्या कुठल्या चौकोनात सरकणार, यावर अर्धा तास जातो की नाही? तेवढा वेळ तो पॅलाडिन गप्प बसलेला असतो, तुमच्या चौकोनांत काडीचा रस नसताना. कटकट करत नाही म्हणून त्याचा त्रास तुमच्या हिशोबातच आला नाही. आणि त्याने पाच मिनिटं मागितली की लगेच बंदी!

उगाच_एक

सहा सेकंदांचं काम आणि अर्धा तास चर्चा, आमच्या सोसायटीची मीटिंग हेच करते फक्त तिथे फायरबॉल टाकता येत नाही.
(पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या)

गणितज्ञ_बार्बेरियन

तो शेजारचा मीच. परत वेळ आली तर परत बोलेन.

एक तर इमर्शन हे फक्त रडण्यातच असतं हे कोणी ठरवलं? मी जेव्हा हिशोब करत असतो की रेजमध्ये (माझ्या बार्बेरियनच्या संतापाच्या भरात) अजून दोन फटके झेलता येतील का आणि तेवढ्यात जखमा बऱ्या करणारा क्लेरिक माझ्यापर्यंत पोचेल का, तेव्हा मला खोली दिसत नाही, घड्याळ दिसत नाही, बायकोचा फोन ऐकू येत नाही. तेही बुडणंच आहे ना. फक्त मी ते आवाज बदलून करत नाही म्हणून खालच्या दर्जाचं?

दुसरं, आपल्याला कधीपासून एवढं नाजूक व्हायला झालं? संगीत नाटकात पद रंगलं की वन्समोर यायचा, नट कथानक तिथेच थांबवून तेच पद परत म्हणायचा आणि मग पुढचं वाक्य. प्रेक्षकही रडायचे तिथे रडायचेच. कोणाचं काही तुटलं नाही.

कुडाळचो_झील

याला जोडून. आमच्याकडे दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, राजा काय बोलणार ते राजा जागेवर ठरवतो, रात्रभर चालतं. समोर पोरं रडतायत, कोणी चहाला उठतोय, मागून कोणतरी नावाने हाक मारतोय. नट ढळत नाही. भूमिका सांभाळायची जबाबदारी ज्याने तोंडाला रंग लावला त्याची, जत्रेची नव्हे. पॅलाडिनला म्हणावं येऊन बघ एकदा.

पडद्यामागची

@कुडाळचो_झील दशावतारातला नट प्रेक्षकांसाठी करतो, त्याला त्यांची सवय असते, ती त्याची कलाच आहे. रोलप्लेमध्ये प्रेक्षक कोण? तो पोरगा तुम्हाला दाखवायला रडत नव्हता. तुम्ही सगळे बघत बसलात तो तुमचा प्रश्न.

कोपनहेगनकर

"लार्पला जा" हे वाचून हसू आलं. लार्प म्हणजे काय इमर्शनचं माहेरघर वाटतं का? व्हॅम्पायर नावाच्या रोलप्ले गेमची लाइव्ह आवृत्ती ९३ साली आली, माइंड्स आय थिएटर, त्यात भांडण झालं की दगड-कागद-कात्री खेळून निकाल लावायचा. आणि दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरून कोणी शेजारून गेला तर तो अदृश्य, आपण दिसलाच नाही असं करायचं. काळा कोट घातलेला धडधाकट माणूस हात छातीवर धरून तुमच्यासमोरून मुकाट्याने जातोय आणि तुम्ही छताकडे बघताय. कर इमर्शन!

इकडे नॉर्डिक देशांत उलटी टोकं आहेत. हजार-पाचशे शब्दांत मावणार नाही म्हणून थोडक्यात, फिनलंडच्या माइक पोहयोलाने २००० च्या आसपास तुर्कू मॅनिफेस्टो लिहिला, त्याचं म्हणणं कॅरेक्टर होऊन जगणं हाच रोलप्लेचा गाभा, बाकी सगळं दुय्यम. नॉर्वेवाल्यांनी ९९ मध्ये डॉग्मा ९९ काढला, तो वेगळाच जाहीरनामा. १९९७ ला ऑस्लोत क्नूटेपुंक्ट नावाचं संमेलन सुरू झालं, ते चार देशांत फिरत असतं, आणि तिथे या विषयावर लोक अजून भांडतायत. तेव्हा आपला धागा फार काही मागे नाही.

पण खरी गोष्ट सांगतो. इकडचे कट्टर लोकही गेमआधी तासन्‌तास वर्कशॉप करतात. कुठे हात लावलेला चालेल, ओरडलेलं चालेल का, "ब्रेम्स" म्हटलं की सीन सौम्य करायचा, "कट" म्हटलं की सगळं जागच्या जागी थांबलं पाहिजे, हे सगळं स्वतःच्या नावाने, साध्या कपड्यांत ठरतं. आणि गेममध्येसुद्धा माणूस पूर्ण बुडत नाहीच. तुम्हाला भूक लागली की तुमच्या सरदाराला अचानक स्वयंपाकघराची पाहणी करावीशी वाटते. याला इकडे स्टीअरिंग म्हणतात, २०१५ मध्ये मोंटोला, स्टेनरोस आणि साइटा यांनी त्यावर लिहिलंय. म्हणजे पॅलाडिनला हवं तसं शुद्ध तुपातलं इमर्शन कुठेच मिळत नाही, बंदीची यादी लावून तर नाहीच. पण धागाकर्त्याचंही चूक, कारण पाच माणसांच्या टेबलावर जे बोलून ठरवता येत नाही ते पन्नास जणांच्या लार्पमध्ये आपोआप कसं ठरेल?

वीस_आला_रे

वा, माहितीपूर्ण प्रतिसाद. पण आपण बोलतोय तेच ना, आधी ठरवा. त्याने आधी सांगितलं नव्हतं, तुटल्यावर सांगितलं.

डीएम_ताई

मी बरीच वर्षं डीएम आहे, तर जरा माझंही ऐका.

प्लेयरचे प्रकार पाडायचा खेळ १९८० पासून चालू आहे, ग्लेन ब्लॅकोने तेव्हाच चार पाडले होते, रॉबिन लॉजने पुढे त्यात भर घातली. वाचायला मजा येते, टेबलावर उपयोग कमी. कारण माणूस एकाच संध्याकाळी तीनदा बदलतो. हाच पॅलाडिन लढाईत स्मायटिंगचे (पॅलाडिनच्या जादा घावाचे) फासे मोजताना मी पाहिलेला नसला तरी पैज लावते, मोजतच असणार. आणि बार्बेरियनरावांचं कॅरेक्टर मरू दे, मग बघू कोण रडतं.

दुसरं, "त्याची गरज म्हणजे दुसऱ्यांवर बंदी" हे वाक्य चकचकीत आहे पण सगळीच टेबलं बंद्यांवर चालतात. आपसात मारामारी नाही, दुसऱ्याचे फासे उचलायचे नाहीत. जॉन स्टाव्ह्रोपोलोसचं एक्स-कार्ड तर सरळ बंदीच आहे, कोणी कार्डाला हात लावला की तो प्रसंग गाळायचा, कारण विचारायचं नाही.

माझ्याकडे मी इन्स्पिरेशन बोलून देत नाही, एक पितळी बटण आहे ते हळूच समोर सरकवते. सीन मोडत नाही, ज्याला आकडा हवा त्याला आकडाही मिळतो.

वीस_आला_रे

ताई, बटणाची आयडिया ढापणार. पण एक्स-कार्ड इथे लागू नाही. ते त्रास होत असेल तर वापरायचं, "मला अजून छान वाटलं असतं" यासाठी नाही. आवड आणि त्रास यांत फरक ठेवा नाहीतर उद्या कोणीही कशालाही हात लावेल.

डीएम_ताई

फरक आहे, मान्य. मग सांगा, त्याच्या डोळ्यांतलं पाणी कुठल्या खात्यात धरलंत? कॅरेक्टरचं माणसात आणि माणसाचं कॅरेक्टरमध्ये झिरपतं, एमिली केअर बॉसने २००७ मध्ये त्याला ब्लीड नाव दिलं. मेलेल्या गुरूशी बोलताना तो नक्की कोणाशी बोलत होता हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. त्याला फोन केलात का कोणी, की सगळं ग्रुपवरच?

गणितज्ञ_बार्बेरियन

मी केला होता. उचलला नाही. नंतर "ठीक आहे रे" असा मेसेज आला. त्यामुळे मला कोणी खलनायक करू नका.

वीस_आला_रे

ओके, मग शनिवारसाठी असं मांडतो: सीन चालू असताना नियमांवर बोलायचं तर चिठ्ठी लिहून डीएमला. जोक चालतील, माणसं आहेत. पिझ्झा कधीही, त्यावर तडजोड नाही. आणि लढाईत प्रत्येकाला त्याच्या टर्नला एक मिनिट, वाळूचं घड्याळ ठेवू, म्हणजे पडद्यामागचीताईंचीही तक्रार नको.

गणितज्ञ_बार्बेरियन

चिठ्ठी मान्य. एक मिनिट अजिबात नाही. समोर घड्याळ ठेवून कोणी विचार करू शकतं का, माझं सगळं लक्ष वाळूकडेच जाणार, मग खेळायचं कशाला.

पडद्यामागची

म्हणजे दुसऱ्याच्या घाईने तुमचीही मजा तुटते तर. धागाकर्ते, तुमच्या मूळ मुद्द्याचं काय करायचं मग?